रस्त्यापलीकडून बघायचं चित्र

वॉल्टरकाका आपलं चित्र स्वतःच्या गॅरेजच्या दारावर टांगायचे आणि रस्ता ओलांडून, आमच्या ड्राइव्हवेत खुर्ची टाकून ते बघत बसायचे. आम्ही वेस्ट विंडसरला नुकतेच राहायला आलो होतो. हा परका म्हातारा दारात पाहून मी तणतणत बाहेर गेलो, तर त्यांनी मलाच दटावलं, "बाजूला व्हा! पोस्टर रस्त्यापलीकडूनच बघायचं असतं. जवळून नुसता रंग दिसतो."

उमेदीची वर्षं त्यांनी जर्मनीत नाटकांची आणि सर्कशींची पोस्टरं रंगवण्यात घालवली होती. "पोस्टरचं काम एकच, जाणाऱ्याला थांबवणं," असं ते येताजाता ऐकवायचे. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या नाटकाचं पोस्टर त्यांनी हौसेने केलं, पण नायिकेला चेहराच काढला नाही. अध्यक्ष हादरले. "अहो, फेसच नाही! लोक बुकिंग कॅन्सल करतील!" काका शांत. "चेहरा बघायलाच तिकीट काढतील." आणि खरंच काढली.

म्हातारपणी मात्र एकच चित्र चालू होतं. झाडांमधून येणारा लांब रस्ता आणि पार टोकाला निळ्या कोटातली एक बाई, चेहऱ्याच्या जागी नुसता ठिपका. ती त्यांची गेलेली बायको, लोटे. "मला तिचा चेहरा आठवत नाही," एकदा ते म्हणाले. "फोटो बघतो, पण ती कोणी दुसरीच वाटते. एकदा दिसायला हवी." मला त्यांची फार कणव आली.

त्या पानगळीत नागपूरहून आई आली. इंग्रजीचा गंध नसताना रोज काकांना चहा नेऊन द्यायची. एक दिवस म्हणाली, "बाप्पा, ती बाई जवळ आली की रे!" पाहिलं, तर कोटाची बटणं दिसत होती. चेहरा अजून कोराच.

"मोठी केलीत तिला?" मी काकांना विचारलं.

"तिला मी हात लावलेला नाही. मी फक्त रस्ता रंगवतो."

त्यानंतर मी त्या बाजूचा पडदा ओढूनच ठेवू लागलो.

आई तो रोज सकाळी उघडायची. अशाच एका सकाळी ती खिडकीतून वळून म्हणाली, "आज त्यांच्यासाठी दोन कप घे. कोणीतरी आलंय. निळा कोट घातलेली बाई उभी आहे खुर्चीपाशी."

आम्ही चहा घेऊन बाहेर गेलो. काका एकटेच बसले होते. मान वर, चेहऱ्यावर ओळख पटल्याचं हसू. हात बर्फासारखा गार. समोर गॅरेजवरच्या चित्रात झाडं होती, रस्ता होता. बाई नव्हती.

मला रडू फुटलं. आईने दोन्ही कप खुर्चीपाशी ठेवले, डोक्यावरून पदर घेतला आणि कोणाला तरी वाट द्यावी तशी बाजूला झाली.