तीर्थासोबतची गोळी

सोनाळ्याची रुखमाबाई माझी शेजारीण. भजनात टाळ तिचा, आवाज माझा. तिला ब्लडप्रेशर, तिचे यजमान शेषराव यांनाही तेच. सकाळची पूजा झाली की ते तिला हाक मारायचे. ती डोळे मिटून हात पुढे करायची. आधी तीर्थ, मग गोळी.

"त्याइच्या हातची म्हंजे परसादच," ती म्हणायची.

एके दुपारी तिचं डोकं फुटायला आलं. छातीत धडधड, दरदरून घाम. शेषरावांनी गाडी बोलावली. मीही सोबत बसले, वाटभर नाम घेत होते.

खामगावच्या डॉक्टरांनी प्रेशर पाहिलं अन् विचारलं, "गोळी बंद केली होती?"

"नाही जी."

"बाई, खरं सांगा. नसांच्या टोकांतून एक रसायन सुटतं. ते रक्तवाहिन्या आवळतं, हृदयाला पळवतं. तुमची गोळी ते फार सुटू देत नव्हती. एकदम थांबवली की ते उसळून येतं. जीव जाऊ शकतो."

"तुळशीमायची शप्पथ, साहेब. एकबी चुकली नाही."

डॉक्टरांना ते पटलं नाही, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. शेषराव भिंतीकडे पाहत होते.

"गोळी देतं कोण?"

"हे देतात. देवापुढं." एवढ्या त्रासातही तिच्या बोलण्यात कौतुक होतं.

मग शेषराव हळूच बोलले, "एक वैद्य आला होता गावात. इंग्रजी बंद करा म्हणे, माह्या गोळीनं मुळापासून जाते. परवापासून तेच देऊन राह्यलो तिले."

डॉक्टर त्यांना बरंच बोलले. डॉक्टर बाहेर गेल्यावर रुखमाबाईनं यजमानांना विचारलं, "अन् तुमची?"

"माही इंग्रजीच चालू हाये."

"काऊन?"

"म्हटलं, आधी तुले गुण येते का पाहू."

"मी शप्पथ खाल्ली, तवा तुम्ही इथंच उभे होते ना? देवाच्या नावानं मले खोटी पडू देली तुम्ही."



दुसऱ्या दिवशी प्रेशर उतरलं, सुट्टी झाली. शेषराव तिची पिशवी उचलू लागले. तिनं ती ओढून घेतली अन् मला म्हणाली, "योगिनी, मले तुह्या घरी घेऊन चाल."

अजून ती माझ्याकडेच आहे. शेषराव रोज फाटकाशी येऊन उभे राहतात. "त्याइले चहा दे वं," ती आतून सांगते. पण बाहेर येत नाही.