काउंटर नसलेली खोली

लॉजवर येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांना काकू म्हणायचा, आणि काकूंचे यजमान म्हणजे मॅनेजर. बसस्टँडमागच्या त्या तीन मजली लॉजमध्ये मॅनेजरांची सगळी नोकरी झाली. राहायला काउंटरमागचीच खोली. खोली आणि काउंटर यांच्यामध्ये दार असं नव्हतंच, नुसता पडदा. त्या पडद्याच्या भरवशावर काकूंनी संसार केला, लेक वाढवली, तिचं लग्नही करून दिलं.

मॅनेजर जेवायला बसले की हमखास बेल वाजायची. घास तोंडात तसाच ठेवून ते उठायचे. "पाहुणा उभा आहे गं," म्हणायचे.

"हो, आणि मी कायमची बसलेलीच आहे," काकू म्हणायच्या. पण ताट झाकून ठेवायच्या.

चादरींचं काम काकूंकडे होतं. धुवायला टाकायची चादर पाहून त्या पाहुण्याची रात्र ओळखायच्या. फिरते विक्रेते आडवे-तिडवे लोळत. नवी जोडपी अर्धी चादर खाली ओढून ठेवत. इस्पितळात माणूस ठेवून आलेला मात्र पलंगाच्या अगदी कडेला झोपायचा, उरलेली चादर घडी मोडल्यासारखीसुद्धा दिसायची नाही. तसली चादर हाती आली की काकू त्या खोलीत न विचारता चहा पाठवायच्या.

असं जन्मभर दुसऱ्यांचं अंथरूण घातल्यावर मॅनेजर निवृत्त झाले. निवृत्तीचे पैसे आले, लेकीजवळ दोन खोल्यांचं घर झालं आणि थोडी रक्कम बाजूला राहिली. मॅनेजर म्हणाले, "सुट्टीला जाऊ. दोन दिवसांची नाही, चांगली लांबलचक."

काकूंना आधी खरंच वाटेना. मग म्हणाल्या, "तळं असलेल्या गावी जायचं."

ठरलं. मॅनेजरांच्या अंगात पुन्हा काउंटर संचारलं. "लक्षात ठेव, तिकीट एकदाच पैसे खातं, राहणं रोज खातं. म्हणून मोठं शहर नको, लहान शहर बघायचं. शाळा सुरू झाल्यावर जायचं, तेव्हा खोल्या ओस पडतात. भाडं दिवसाचं नाही ठरवायचं, आठवड्याचं. आणि खोली मागच्या बाजूची. समोरच्या खोलीत आपण रस्ता दिसण्याचे पैसे भरतो."

"अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात," काकू हसल्या.

"आपण आधी अंथरुणाचं भाडं ठरवू, मग पायांचं बघू."

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, सुट्टीला निघालाय की टेंडर भरताय?"

असं घासूनपुसून बसवल्यावर पाच आठवड्यांची सोय झाली. त्या दिवशी काकू सहज बोलून गेल्या, "पाच आठवडे होय? पापणी लवते न लवते तोवर संपतील बघा." बोलल्या आणि विसरल्या. मॅनेजर विसरले नाहीत.

तळ्याकाठच्या रस्त्यावरचं लॉज साधंच होतं. खोली दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीतून वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या आणि त्यांच्यामधून तळ्याचा एक तुकडा दिसायचा. मॅनेजरांनी नळ सोडून पाहिला, गादीचा कोपरा उचलून पाहिला, कपाटाचं दार दोनदा उघडलं-मिटलं आणि "चालेल" म्हणाले. काकू पलंगाच्या टोकाशी टेकल्या. चादर दुसऱ्या कुणीतरी घातली होती, ताणून, छान कोपरे दुमडून. त्यांनी तिच्यावरून नुसता हात फिरवला. मग उगाचच पिशवीत काहीतरी शोधत बसल्या, कारण डोळे भरून आले होते.

पहिले दिवस फार गोड गेले. सकाळी तळ्याला फेरी, मग बाकावर बसणं. मॅनेजर होड्यांचं निरीक्षण करायचे आणि कुठला होडीवाला गिऱ्हाईक पळवतो ते सांगायचे. जेवताना ते ताटावरून एकदाही उठले नाहीत. भांड्यातलं शेवटचं निपटून घेतलं आणि शांतपणे पाणी प्याले. काकू बघतच राहिल्या. एवढ्या वर्षांत आपल्या नवऱ्याचं जेवण कसं संपतं हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

आणि मग तिथला काउंटरवरचा माणूस नोकरी सोडून गेला. त्याच संध्याकाळी एक मोठा घोळका उतरला. लॉजचा मालक तरुण होता, वडिलांच्या मागे धंद्यात आलेला. एकाच खोलीच्या किल्ल्या त्याने दोन कुटुंबांना दिल्या. आवाज चढले. काकूंबरोबर फिरायला निघालेले मॅनेजर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थबकले.

"अहो, चला," काकू म्हणाल्या.

"एक मिनिट हं. नुसतं सांगतो त्याला."

जित्याची खोड! सांगता सांगता ते काउंटरच्या पलीकडे कधी गेले, त्यांचं त्यांनाही कळलं नाही. म्हातारी माणसं खाली, लेकुरवाळी शेजारी-शेजारी, भांडणारे दोघे भाऊ दोन मजल्यांवर. घोळका चिडीचूप झाला. मालकाची गत आंधळा मागतो एक डोळा अशी. त्याने हातच जोडले. "काका, तुम्ही संध्याकाळचं जरा बसाल? तुमचं भाडं मी निम्मं करतो."

मॅनेजर खोलीत आले ते लग्न जमवून आल्यासारखे. "अगं, ऐक! निम्मं भाडं! आता पाच कशाला, आठ-नऊ आठवडे राहू. तूच म्हणाली होतीस ना, लगेच संपतील म्हणून?"

काकूंना आता ते बोलणं आठवलं. आपल्या एका शब्दासाठी मॅनेजरांनी हे केलं होतं. माणूस आपल्यासाठी ऊर फुटेस्तोवर धावत असला तर त्याला थांब कसं म्हणायचं?

"बरं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळचं म्हणता म्हणता दुपार झाली. मग मालकाला बँकेत जायचं असायचं म्हणून सकाळही झाली. एकदा दोघं खालच्या भोजनगृहात जेवत असताना बेल वाजली आणि मॅनेजर उठले. "पाहुणा उभा आहे गं," म्हणाले. काकूंनी सवयीने ताट झाकायला दुसरं ताट शोधलं आणि त्यांचा हात तसाच थांबला. ताट त्यांनी उघडंच ठेवलं. गार झालं तर होऊ दे.

त्या एकट्याच फिरायला लागल्या. तळ्याच्या पलीकडे, पेठेच्या मागच्या गल्लीत, एक उंच बाई फाटकाला रंग देत होती. फाटकावर पाटी, "वरची खोली भाड्याने". बाई निवृत्त परिचारिका निघाली. काकूंनी सहज विचारलं, तर ब्रश खाली ठेवून तिने वर नेऊनच दाखवली. एक पलंग, एक टेबल, कोपऱ्यात शेगडी, दोन पातेली आणि भरपूर ऊन.

"एकट्याच आहात?" परिचारिकेनं विचारलं.

"नाही हो. आहेत हे. पण ते नोकरीला लागलेत."

"सुट्टीत?"

"सुट्टीतच."

परिचारिका खो खो हसली आणि मग काकूही हसल्या. फार दिवसांनी, पोट धरून. भाडं विचारलं तर ते मॅनेजरांच्या निम्म्या भाड्यापेक्षा बरंच जास्त होतं. काकूंनी घासाघीस केली. त्यात त्या काही कच्च्या नव्हत्या, बारा गावचं पाणी प्यालेल्या माणसाच्या घरात राहिल्या होत्या. तरी स्वयंपाक हाताने केला तरच जेमतेम तीन आठवडे निघत होते. आठ-नऊ तर सोडाच, लॉजवर काढलेले दिवस धरूनही ठरवलेले पाच पुरे होत नव्हते. त्यांनी पदराच्या टोकाशी चाळा केला, खिडकीतून खाली पाहिलं आणि पर्समधून आगाऊ रक्कम काढून दिली.

लॉजवर परतल्या आणि सरळ काउंटरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मॅनेजर मान खाली घालून काहीतरी लिहीत होते.

"खोली सोडायची आहे," काकू म्हणाल्या.

"हो बाई, कधी सोडताय?" मान खालीच.

"आत्ता."

मग त्यांनी वर पाहिलं. "अगं, तू! म्हणजे? काही चुकलं का खोलीत?"

"खोलीत काही नाही चुकलं. मी तळ्यापलीकडे वरची खोली घेतली. आगाऊ पैसे देऊन आले."

मॅनेजरांनी मनातल्या मनात हिशेब केला. चेहऱ्यावर तो दिसलाच. "तिथे दिवस फार कमी मिळतील गं."

"मिळू देत. जास्तीचे दिवस घेऊन काय करू? तळ्याला एकटी किती चकरा मारू? होडीवाल्यांना वाटतंय, ही बाई हरवलीये."

"तुझ्यासाठीच करत होतो," ते हळूच म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणून तर धड भांडताही येत नाही तुमच्याशी. हीच तर पंचाईत."

"मालकाला शब्द दिलाय."

"मग पाळा. मी पुढे होते." काकूंनी वर जाऊन आपली बॅग भरली आणि त्या निघाल्या.

नव्या खोलीत त्यांनी पातेली घासली, पलंग झटकला, खिडकीशी बसल्या. मॅनेजर येतीलच असं नव्हतं. जन्मभर काउंटरने बोलावलं की ते गेले होते, आणि त्या ओढीत खोटं काही नव्हतं. आपण दिवस वाचवले की उरलेलेही घालवले, हे त्यांना कळेना.

ऊन टेबलावरून खाली उतरलं तेव्हा जिना वाजला. मॅनेजर दारात उभे, हातात बॅग, धापा टाकत.

"मालकालाच खुर्चीत बसवून आलो. म्हटलं, लॉज तुझं आहे बाबा, चुकत चुकत शीक. मी सकाळी तासभर येऊन सांगेन, तेही चार दिवस. भाडं पूर्ण देऊन टाकलं."

"बसा," काकू म्हणाल्या.

ते बसले. उठले. खिडकीशी गेले, परत बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, कुणी फोटो काढणार असल्यासारखे. मग खाली बघत म्हणाले, "खरं सांगू? मला नुसतं बसता येत नाही गं. पहिल्या आठवड्यात मजा आली, नाही असं नाही. पण हात रिकामे राहिले की धस्स होतं. वाटतं, आता आपलं काही काम नाही कुणाला."

काकूंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हे त्यांना आधी कधी कळलं नव्हतं. विचारायला तेवढा वेळच मिळाला नव्हता. त्यांनी परिचारिकेकडून आणलेले बटाटे टेबलावर ओतले आणि चाकू पुढे सरकवला.

"मला आहे ना काम. सोला."

मॅनेजरांनी एक बटाटा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि कामाला लागले. सालीबरोबर निम्मा बटाटाही जात होता. सोलता सोलता ते त्या घोळक्यातल्या भांडकुदळ भावांची गोष्ट सांगू लागले. काकू समोर बसून ऐकत होत्या, शेगडी अजून पेटवलीही नव्हती, आणि त्यांना कसली घाई नव्हती.