तिने बाजूला ठेवलेले तीन दगड

स्वातंत्र्यानंतरची चार-पाच वर्षे मी टिटवाळ्याजवळ काळू नदीच्या काठी दगड वेचीत होतो. आदिमानवाची हत्यारे हा माझा विषय. शाळेतली नोकरी सांभाळून दर रविवारी पिशवी भरायची, कल्याणच्या खोलीवर दगड धुवायचे, प्रत्येकावर काळ्या शाईने क्रमांक घालायचा. प्रबंध मान्य झाल्यास महाविद्यालयात जागा मिळणार होती.

प्रबंधाचा सारा आधार एका दरडीखाली सापडलेल्या साठ कपच्यांवर होता. त्यांना धार होती. घाव घालण्यापूर्वी घडवणाऱ्याने विचार केला होता, असे मी लिहिले होते.

दरडीशेजारी रुळांसाठी खडी फोडणारी एक प्रौढ बाई बसे. एकदा तिने माझ्या पिशवीत डोकावले.

"मास्तर, कचरा कशाला नेताय घरी?"

"हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाचं काम आहे हे."

"हजार कुठलं! माझा सासरा फोडायचा की हितं बसून." एका कपचीला थुंकी लावून तिने बोट टेकवले. "ह्यो बघा हातोडीचा दनका. लोखंड लागलं की दगूड असा चेचतो."

पुढच्या रविवारी मी साठही कपच्या तिच्यापुढे ओतल्या. तिने एकेक ओली करून पाहिली. तीन बाजूला ठेवल्या.

"ह्यास्नी लोखंड न्हाई लागलं. दगडानंच फोडल्यात. कुनी, ते मला ठावं न्हाई."

"आणि विचार करून फोडल्यात, हे कशावरून?"

"मारायच्या आदी कुठं तुटनार ते हाताला कळावं लागतं. ह्या फोडनाऱ्याच्या हाताला कळत हुतं."

मार्गदर्शकांना मी सर्व सांगितले.

"सत्तावन्न दगड टाकणार? खडीवालीच्या शब्दावर?"

"तिचा जन्म त्यातच गेला आहे, सर."

"मग तळटिपेत काय लिहिणार? दरडीखालची बाई?" ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "ही भानगड कुणाला कळायची नाही. साठ राहू द्या."

मी प्रबंध सादर केला नाही. निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत शिकवले.

मार्गदर्शकांना भेटलो त्याच्या पुढच्याच रविवारी सत्तावन्न कपच्या मी तिच्या ढिगावर नेऊन टाकल्या.

"उगाच वझं वाहिलंत, मास्तर," ती म्हणाली. त्यांतली सर्वांत मोठी तिने उचलली आणि हातोडीखाली धरली. माझ्या हातचा क्रमांक वरच्या बाजूला होता. दोन घावांत खडी झाली.

उरलेल्या तीन कपच्या घेऊन मी स्टेशनकडे निघालो. पिशवी जवळजवळ रिकामीच होती. तरी खांदा दुखतच राहिला.