तिसऱ्या खोक्यातल्या कॅसेटी

माझ्या थोरल्या भावाकडे कॅसेटींची तीन खोकी होती. एकावर स्केचपेनने ‘प्रोग्रेसिव्ह’ लिहिलेलं, दुसऱ्यावर ‘साधा रॉक’ आणि तिसऱ्यावर ‘परत तपासणे’. दादाने सातपूरच्या एका कारखान्यात आयुष्यभर तयार माल तपासला. घरी आल्यावर गाणी तपासायचा.

लहानपणी तबला शिकल्यामुळे त्याची कसोटी ठरलेली होती. टेबलावर बोटांनी मात्रा मोजायच्या. सरळ चार-चार पडल्या तर साधा रॉक. पाच, सात असं काही निघालं आणि गाणं मध्येच भलतीकडे वळलं, तर प्रोग्रेसिव्ह. “मग सात मात्रांच्या रूपकातलं भजनही प्रोग्रेसिव्हच की,” असं मी म्हटलं की तो भडकायचा. माझ्या मते त्याची लाडकी गाणी म्हणजे नमनाला घडाभर तेल. दहा मिनिटं झाली तरी गाणारा तोंड उघडत नाही. पण भिंतीपलीकडे अभ्यास करता करता तीही मला आवडायला लागली होती, हे मी त्याला कधी कळू दिलं नाही.

वर्षं गेली तशी पहिली दोन खोकी रिकामी होत गेली आणि तिसरं भरत गेलं. दणदणीत मेटल रॉक म्हणून आणलेल्या कॅसेटीत सात मात्रा सापडायच्या. ज्या बँडला तो प्रोग्रेसिव्हचा राजा मानायचा, त्यांनीच पुढे नाचायची गाणी काढली. हद्द कुठे आखायची तेच त्याला कळेना. मला वाटतं, त्याला मजा त्यातच येत होती.

निवृत्त झाला आणि त्याचे कान जायला लागले. वडिलांचेही असेच गेले होते. कानाला लावलेल्या मशीनमधून माणसांचं बोलणं कळायचं, पण गाणं म्हणजे डब्यात खिळे हलवल्यासारखं, असं तो सांगायचा. तेव्हा त्याने ठरवलं, पूर्ण बहिरं व्हायच्या आत तिसरं खोकं निकाली काढायचं. मला एक जुना टेपरेकॉर्डर दिला. दर रविवारी मी सिडकोत त्याच्याकडे जायचं, चार-पाच कॅसेटी नाशिकरोडला घरी आणायच्या, ऐकायच्या आणि पुढच्या रविवारी निकाल सांगायचा.

एकदा त्याने त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली एक कॅसेट वेगळी काढून दिली. “पहिलं गाणं शेवटपर्यंत ऐक,” म्हणाला. “काय आहे ते सांगणार नाही. आधी सांगितलं तर तपासणारा तेच शोधत बसतो.”

त्या आठवड्यात माझ्यापुढे सहामाहीच्या पेपरांचा ढीग होता. पहिल्या चार ओळी वाचून मार्क देण्यात माझा हात चांगलाच बसलाय. तीन मिनिटं ऐकलं. तेच गिटार, तेच ड्रम, चार-चार मात्रा. बटण दाबून बंद केलं.

“साधा रॉक,” मी रविवारी सांगितलं.

“पूर्ण ऐकलंस?”

“हो.”

“मध्ये सगळं थांबून ऑर्गन येत नाही?”

तिथेच खरं सांगता आलं असतं. पण साठीच्या भावासमोर आपली चोरी पकडली जाईल, एवढ्याच भीतीने मी म्हणाले, “नाही रे.”

त्याने कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली. “कान गेले तरी डोक्यात वाजत राहील, असं धरून चाललो होतो,” तो म्हणाला. “डोक्यातलंच खोटं निघालं तर मग काय राहिलं?” आणि उठून त्याने तिसरं खोकं ‘साधा रॉक’मध्ये उपडं केलं. वहिनी चहा घेऊन आली, तर त्याने नको म्हटलं. निघताना मी ती कॅसेट गुपचूप पर्समध्ये टाकली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या मी गाणं पुढे ऐकलं. पाचव्या मिनिटाला गिटार थांबलं. ऑर्गन आला. मी बोटांवर मोजलं, सात मात्रा. पेपर बाजूला सारून मी ढसाढसा रडले.

त्याला हे सांगायचं धाडस व्हायला मला चार महिने लागले. या उशिराची मला आजही लाज वाटते. तोवर मशीनचाही उपयोग संपला होता आणि त्याच्याशी बोलायचं ते वहीत लिहून. मी सगळं लिहिलं. खोटं बोलले ते, ऑर्गन, पाचवं मिनिट, सात मात्रा. त्याने चष्मा लावून दोनदा वाचलं.

“मला बरं वाटावं म्हणून लिहितेस,” तो म्हणाला. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोलतो.

मी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

“पहिल्यांदा सांगितलंस तेच खरं,” त्याने वही मिटून माझ्या हातात दिली. “तेव्हा मला काय हवंय ते तुला माहीत नव्हतं.”