दादांच्या गाडीचा दम

दादा म्हणजे माझे वडील. महाबळेश्वर-पाचगणीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी ते टॅक्सी चालवायचे. गाडी जुनी अमेरिकन, आठ सिलिंडरची, होडीसारखी लांब, पाचगणीच्या एका बंगलेवाल्याकडून घेतलेली. गिऱ्हाईक नसलं की मी पुढच्या सलग सीटवर त्यांच्या शेजारी बसायचे. काच खाली, केस तोंडावर, आणि दादा म्हणायचे, "बघ, कशी पळतीया!" अख्ख्या साताऱ्यात आमच्या गाडीपेक्षा जोरात काही पळत नाही, याची मला खात्री होती.

दादा गेल्यावर ती आईच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. गेल्या वर्षी सांगलीहून भावाचा फोन आला. पोराचं लग्न ठरलं होतं आणि वरात आजोबांच्या गाडीतूनच निघणार, असा त्याचा हट्ट होता. आमचे हे फौजेच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. फोन ठेवायच्या आत ह्यांच्या डोळ्यात चमक आली.

गाडी चालू व्हायला फार त्रास झाला नाही. टाकी धुतली, बॅटरी नवी बसवली, ऑइल बदललं. पहिला आवाज आला तसा आईनं आतून पदर सावरत दार उघडलं आणि नुसती उभी राहिली. तो आवाज ऐकून मला थेट चौथीतली मी आठवले, दप्तर टाकून फाटकाकडे पळणारी.

पण हायवेला नेली आणि बिनसलं. गावात छान, चढाला बरी. वेग वाढून इंजिन जोरात फिरायला लागलं की मात्र तिला दम लागायचा. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी आवाज घोगरा व्हायचा आणि वेग तिथंच थांबायचा. उसाच्या ट्रकनं हॉर्न देऊन आम्हाला मागं टाकलं.

"अशी नव्हती ही," मी म्हणाले. "दादांच्या हातात उडायची."

"मग बीमार आहे," हे म्हणाले. "पकडू."

पुढचे पंधरा-वीस दिवस आमची सकाळ शेडमध्ये जायची. मी टॉर्च धरायची, चहा आणायची, पाने-पकडी द्यायची. ह्यांना पहिला संशय पेट्रोलचा. इंजिनाच्या पंपाला पारदर्शक नळी लावून पाहिलं, तर धार भरपूर येत होती. मग ठिणगीचा. पॉइंट बदलले, प्लग बदलले, ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरमधली गंजलेली वजनं सोडवून त्यांना ग्रीस लावलं. आवाज थोडा गोड झाला, पण हायवेला पुन्हा तेच. "सायलेन्सर आतून चोंदला असेल," म्हणून तो काढून गाडी फिरवली. कॉलनीतली कुत्री बिथरली, शेजारचे सुभेदार बाहेर आले, आणि दम काही वाढला नाही.

हे चिडले. जेवण उरकलं की पुन्हा शेडमध्ये. मलाही वाटायला लागलं, म्हातारी झाली, राहू द्यावी.

राहता राहिला कार्बोरेटर. तो वरून साफ केला होता, पण उतरवला नव्हता. त्या सकाळी ह्यांनी तो सोडवून पाटावर ठेवला, रॉकेलनं वर्षानुवर्षांची काजळी धुतली आणि एकदम हात थांबला.

"इकडं ये. हे बघ."

कार्बोरेटरला चार तोंडं होती. पुढची दोन नेहमी चालतात, मागची दोन गाडीला जोर हवा असला की उघडतात, असं ह्यांनी समजावलं. मागच्या दोन झडपांच्या दांड्याला तांब्याची तार गुंडाळलेली होती. व्यवस्थित, शेजारी शेजारी वेढे, टोक आत दुमडलेलं. पाकिटं, पिशव्या, माझ्या वेण्या, दादा सगळं असंच बांधायचे.

"बीमार नाहीच ही," हे म्हणाले. "बांधून ठेवली आहे."

मला पटेना. मी तो कार्बोरेटर तसाच ताटात घालून आईसमोर नेला. तिनं चष्मा लावला, तारेवर बोट फिरवलं आणि हसायला लागली.

"आजून हाय व्हय गं ही?"

"तुला माहीत होतं?"

"माहीत? म्याच बांधाय लावली. तू पोटात हुतीस. मला माहेरी सोडाय निघालं, नवी गाडी, नवा जोर. पसरणीच्या घाटात अशी सोडली म्हन्तीस! मी म्हनलं, थांबवा, उतरती मी. आन् उतरले. चालाय लागले घाट."

"आणि दादा?"

"ते मागनं गाडीत. खिडकीतनं डोकं काढून, आवं बसा की, आवं बसा की. मला अहोजाहो केल्यालं ते तेवढंच." तिनं चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या दिशी तार बांधली आन् मला दावली. म्हनाले, आता तरी चढ."

म्हणजे माझ्या जन्माआधीपासून ती तशीच. मी ज्या गाडीत वाऱ्याला तोंड देत बसले, ती अर्ध्या दमाची होती आणि शेजारी बसून दादा म्हणत होते, बघ कशी पळतीया. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दादा असते तर त्यांच्याशी भांडले असते.

ह्यांनी पक्कड उचलली आणि आईकडे पाहिलं. "आई, काढू का राहू दे?"

"काढा की जावईबापू. मी काय आता पोटुशी न्हाई."

लग्नाच्या आदल्या दिवशी आम्ही तिघं सांगलीला निघालो. कराड सोडल्यावर ह्यांनी पाय दाबला आणि गाडीनं असा हुंकार दिला की मी दाराचं हँडल धरलं. ही गाडी मी ओळखत नव्हते. मागं पडणारे ट्रक बघताना मजा वाटली, पण त्या जुन्या, दमानं चालणाऱ्या गाडीसाठी जीव थोडा तुटलाही. ह्यांना हे सांगितलं नाही, ते फार खुशीत होते.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो. निघताना आई म्हणाली, "मला फुडं बसव."

मी मागं गेले. इस्लामपूरच्या पुढं उसाचे ट्रॅक्टर लागले, दोन-दोन ट्रॉल्यांचे, रस्ता अडवून चाललेले. हे सवयीनं हळू झाले. आईनं थोडा वेळ वाट पाहिली. मग डॅशबोर्डवर हात टेकून म्हणाली, "जावईबापू, रस्ता मोकळा हाय. काढा की फुडं."