सही राहिलेला गरुड

निगडी मागे पडली तेव्हा कस्तुराताई पहिल्यांदा थांबल्या. चपलेतला खडा झटकला, पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि वर बघितलं. हायवेवर एक घार संथ गोल फिरत होती.

"आयुषचा फोन आलता सकाळी," त्या म्हणाल्या.

दरवर्षी पंचवीस डिसेंबरला आम्ही दोघी चिंचवडहून देहूरोडच्या बुद्धविहारात चालत जातो. बाबासाहेबांच्या हातून तिथं मूर्ती बसली, तो हा दिवस. चाळीतले बाकी सगळे बसने येतात. ताईंना चालायलाच लागतं. चालताना बोलायला माणूस मिळतं म्हणतात. "एरवी वर्षभर भिंती हायेतच."

ताई माझ्या शेजारीण. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये स्प्रिंगा तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं. धाकटी बहीण मिनल काविळीनं गेली तेव्हा आयुष रांगत होता. बापानं दुसरं लग्न केलं. ताईंनी आपलं ठरलेलं लग्न मोडलं आणि पोराला उचललं. त्याला बोलायला शिकवताना मात्र मिनलच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणायच्या, "ही आई. मी मावशी." बहिणीचं नाव पुसलं जाऊ नये म्हणून. पोरगं तेच शिकलं. आता तो अमेरिकेत नोकरीला आहे.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"तिकडं गरुडाला राष्ट्रीय पक्षी केलं म्हणं. कालपरवा सही झाली."

"आत्ता? मला वाटलं, तो केव्हाचाच आहे."

"समद्यांना तसंच वाटायचं. नोटंवर तो, सरकारी शिक्क्यावर तो. अडीचशे वर्षं! मग कुणीतरी शोधाय बसलं, तर कागदावर कुठंच न्हाई. मी म्हटलं, मग इतकी वर्षं तो कोण हुता रं? तर हसला. म्हणतो, मावशी, पक्ष्याला काय फरक पडतो?"

सांगताना त्या हसल्या नाहीत.

पुढच्या चौकात कुणा आजींचा फ्लेक्स लागला होता. वर 'भावपूर्ण आदरांजली', खाली मुलं, सुना, नातवंडं. ताई सगळी नावं वाचत उभ्या राहिल्या.

"माझ्यावर काय लिवतील गं? आयुषची मावशी?"

"आजच्या दिवशी कसलं बोलताय! अख्खी चाळ तुम्हाला आयुषची आईच म्हणते."

"चाळ म्हणती. त्यानं न्हाई म्हटलं कधी."

"मग लावा की फोन. सांगा त्याला."

"मावशी म्हणाय मीच शिकवलं. आता आई म्हण म्हणून मीच मागायचं व्हय? मिनलला काय वाटंल?"

बाजूनं ट्रक जात राहिले. मी मनात त्रिशरण म्हणत चालले. ताई मधूनच वर बघायच्या, पण घार कधीच मागे राहिली होती.

विहाराकडे जाणारी गर्दी दिसायला लागली, तशी त्यांनी माझा दंड धरला.

"योगिनी, तू शिकलेली हायेस, माझ्या फ्लेक्सचा मजकूर तूच दे. शेजारी मिनलचा फोटो ठेव. आन् माझ्या नावाखाली 'आयुषची आई' लिव. पर छापायच्या आदी त्याला फोन कर. तो व्हय म्हणला, तरच."