विहिरीवरच्या आत्याबाई

आत्याबाईंनी कुणाच्या हातचं पाणी सरळ घेऊन प्यायलेलं मी कधी पाहिलं नाही. तांब्या पुढे केला की त्या आधी थोडं ओंजळीत ओतून घेत, उजेडात धरून बघत, वास घेत, मग जिभेला लावून थुंकत. एवढं होऊन पाणी पसंत पडलंच, तर पदराची चौघडी करून तिच्यातून गाळून पीत. देवळात गुरवाने तीर्थ दिलं तरी "कुटल्या पान्याचं हाय?" असं विचारल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नसे. गुरव बिचारा देवाकडे बघे आणि आत्याबाई गुरवाकडे.

त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. नवरा गेल्यावर मुळशी खोऱ्यातल्या आमच्या लहानशा गावात, भावाकडे राहायला आलेल्या. नवऱ्याला नारू झाला होता. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायची त्यांच्या सासरच्या गावची रीत, आणि अशा गावात पायातून दोऱ्यासारखा किडा निघालेली माणसं घरोघर असायची. जखम चिघळून ते गेले आणि तेव्हापासून पाणी म्हटलं की आत्याबाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची. मी नांद्याहून लग्न होऊन आले, तर त्यांनी माझ्या चेहऱ्याआधी माझे पाय बघितले. "तुमच्या नांद्यात हिरीत पाय घालूनच पानी भरत्यात न्हवं?" मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही आणि मला त्या आवडल्या नाहीत.

आमच्याकडे पिण्याची विहीर एकच, दोराने शेंदायची. तिच्यावर आत्याबाईंचा असा पहारा, की बाया त्यांना मागून फौजदार म्हणत. घागर राखेने घासलेली हवी, दोर जमिनीला टेकला तर पुन्हा धुवायचा, काठावर धुणं नाही, गुरं जवळ आणायची नाहीत. कुणी नियम मोडला की त्या काठी घेऊन उभ्या. "पान्याचं तोंड बगू नगा, माहेर बगा," असं त्या सारखं म्हणायच्या. म्हणजे पाणी दिसतं कसं ते सोडा, येतं कुठून ते बघा. ओढ्याला मात्र त्यातून सूट होती. वाहतं पाणी स्वतःला धुतं, असं तेव्हा सगळेच मानत आणि आत्याबाईही मानत.

ते दिवसच संशयाचे होते. खोऱ्यात धरण व्हायचं होतं. आमची भाताची खाचरं, घरं, सगळं पाण्याखाली जाणार असं बोललं जायचं. कुणी साहेबी टोपीवाला माणूस वाटेने दिसला की गाव गप्प व्हायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आधीच अबोल. त्यांनी तर माणसांवर विश्वास टाकणंच सोडलं होतं. फक्त बहिणीचा शब्द त्यांना पुरे. आक्का म्हणाली, मग झालं.

अशात लावणीच्या दिवसांत एक सरकारी माणूस डबा घेऊन आला. खोऱ्यात पटकीची साथ शिरलीय, विहिरीत औषध टाकायचंय, म्हणाला. डब्यात जांभळी भुकटी होती. आत्याबाई काठावर आडव्या आल्या. "आदी तू पी."

"आजी, हे नुसतं प्यायचं नसतं. आत्ता टाकायचं, संध्याकाळी पाणी भरायचं."

"म्हंजे आत्ता तू जानार, अन् सांजला आमी."

बाया हसल्या, मीही हसले. खरं सांगते, मलाही त्यांचंच पटलं होतं. गाव रिकामं करायचं तर विहिरीइतकी सोपी जागा दुसरी कुठली? तो माणूस विहिरीत डोकावून, मान हलवून निघून गेला. त्या डोकावण्यानेच घोळ केला. "वाकला तवा काय टाकलंन कुनाला ठावं," आत्याबाई भावाला म्हणाल्या. "गणू, चार दिस वढ्याचं पी." मामंजी बरं म्हणाले आणि खाचरावर जाऊन ओढ्याचं पाणी पिऊ लागले. घरात आम्ही आधी भरून ठेवलेलं पाणी पुरवून पीत होतो.

दुसऱ्या दिवशी वरून उतरलेला एक मेंढका सांगत आला, की रानात कोळसा पाडणाऱ्यांच्या झोपड्यांत माणसं ढाळ-वांत्यांनी पडलीत. आत्याबाईंनी हातातलं काम टाकलं, डोक्यावर इरलं घेतलं आणि भर पावसात ओढ्याच्या काठाने डोंगर चढून गेल्या. वर एक बाई आजाऱ्यांची फडकी ओढ्यात धूत होती. आत्याबाई तशाच चिखलातून आमच्या खाचरावर आल्या आणि मामंजींच्या हातातला तांब्या त्यांनी उडवला. "वढ्याचं नगं. घरचंच पी." मामंजी बरं म्हणाले. का, ते विचारलं नाही.

मग, तो माणूस खरं बोलला होता हे कळून, आत्याबाई त्याच औषधवाल्याला आणायला मुळशीला गेल्या. सकाळी त्याला घेऊन परतल्या तेव्हा मामंजी अंथरुणाला खिळले होते. डोळे खोल गेलेले, हातपाय गार. औषधवाल्याने मला पेज आणि मीठपाणी देत राहायला सांगितलं, पण त्याचा चेहरा मला आवडला नाही. आत्याबाईंनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्या औषधवाल्याबरोबर विहिरीवर गेल्या.

पाणी गुलाबी झालं. माणसं लांब उभी. परवा नको म्हणत होती, आज स्वतः आणते, सरकारने हिला काय दिलं, अशी कुजबुज सुरू झाली. आत्याबाईंनी पोहरा ओढला, न बघता, न हुंगता घटाघट प्यायल्या आणि काठावर मांडी घातली. "माज्यावर इस्वास ठेवू नगा. मी हितंच बसते सांजपातुर. मेले तर पिऊ नगा."

दुपारी मी त्यांना बोलवायला धावत गेले. मामंजींचं काही खरं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण उठल्या नाहीत. "आता उठले तर म्हनतील, घरी जाऊन वकली. मंग समदी वढ्यावर जातील."  मला तेव्हा त्यांचा इतका राग आला होता, की मी तशीच घराकडे पळत सुटले.

घरी मामंजींनी विचारलं, "आक्का कुटं हाय?"

"विहिरीवर."

"मंग बरं," ते म्हणाले. ते गेले तेव्हा बहीण जवळ नव्हती.

संध्याकाळी बायांनी एकेक करून घागरी भरल्या. त्यानंतरच आत्याबाई घरी आल्या आणि भावाच्या पायाशी बसून राहिल्या. आमच्या गावात दुसरं कुणी पटकीने गेलं नाही.

पुढे धरण झालं, विहीर पाण्याखाली गेली, आणि आम्ही माणच्या बाजूला येऊन राहिलो. तिथे आत्याबाई दोन पावसाळे काढून वारल्या. त्यांच्या शेवटच्या दिवसांत, त्यांना बरं वाटावं म्हणून मी एकदा म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही गाव वाचवलंत. सगळ्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला."



"कुनी ठेवला न्हाई, पोरी," त्या म्हणाल्या. "सांजपातुर वाट बगितली, मी मरते का म्हनून. मंग पानी भरलं. शानी मान्सं. तुज्या सासऱ्यानं बी माजं ऐकायच्या आदी तेवढी वाट बगायला पायजे हुती."